आयतारी पसरो बंद: दुकानं रविवारी जास्त वेळ उघडी असावीत का? तुमचे अनुभव लिहा

माशेलची लेक

काल रात्री साडेनऊला पर्वरीच्या एका सुपरमार्केटात गेले होते. रविवार. मुलाच्या सकाळच्या डब्याला पोहे नव्हते. काउंटरवरची मुलगी उभ्या उभ्याच बिस्किट खात होती. तिचा फोन दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा तिने खांद्याला लावून घेतला आणि माझं बिल करता करता म्हणाली, "तूं न्हिद बाबा, हांव येतां." म्हणजे तू झोप, मी येते. मला पोह्यांची पिशवी घेऊन गाडीपर्यंत चालवेना.

माझ्या बाबांचा माशेलला पसरा होता, म्हणजे किराण्याचं दुकान. उकडे तांदूळ, खोबरेल, मिरच्या, बिड्या, साबण, पुढे पुढे वह्या आणि पेनंसुद्धा. आयताराला, म्हणजे रविवारी, एक वाजता बंद. एकच का, तर जुवे बेटावरचे लोक चर्चमधली मिसा (प्रार्थना) आटोपून बाजार करायला येत आणि साडेबारापर्यंत परतत. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की बाबा आम्हा भावंडांना हाक मारत. दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर खडूने नव्हे, तापलेल्या सळईने आकडा कोरलेला. एक ते नऊ. आम्ही एकेक उचलून द्यायची, बाबांनी खाचेत सरकवायची. नववी फळी बसली की आतला उजेड जायचा आणि बाबा आमचे व्हायचे. मग आंघोळ, बांगड्याचं हुमण, झोप. संध्याकाळी देवकीकृष्णाच्या मैदानावर आम्ही खेळायचो आणि ते नुसते बसून असायचे. आठवड्यात त्यांना बसलेलं मी तेवढंच पाहिलं, एरवी ते काउंटरमागे उभे.

मी नववीत असताना समोर दुसरं दुकान आलं. ते आयताराला रात्रीपर्यंत उघडं. बाबांनी दोन महिने दम धरला. मग आधी चारपर्यंत, मग आठपर्यंत. मैदानावर आम्ही आईबरोबर जायला लागलो. बाबा गेले तोवर तसंच चाललं.

आता आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभाऊ लिहितो की गोवा पर्यटनाचं राज्य आहे, आयताराला दुपारी निम्मा बाजार बंद असतो ही लाजेची गोष्ट, सगळ्यांना रात्रीपर्यंत उघडू द्या. मला त्याला उत्तर देता आलं नाही. कालचे पोहे मीसुद्धा आणलेच की. म्हणून इथे विचारते. दुकान चालवणारे, दुकानात काम करणारे, आयताराला पिशवी घेऊन फिरणारे, सगळ्यांनी आपापलं लिहा.

फोंडेकर

फळ्या!! आमच्या काकांच्या दुकानाला अकरा होत्या. सात नंबरची वाळवीने खाल्ली, नवी केली पण आकडा कोरायचा राहिला, तर तिला सगळे "नवी" म्हणायचे. चाळीस वर्षं झाली तरी नवी.

डिचोलीची वहिनी

मी उघडी ठेवा म्हणणारी आहे, आधीच सांगते.

सकाळी सव्वासातची बस, पणजीत ऑफिस, परत डिचोलीत पोचेपर्यंत साडेसात. आठला बाजार आवरायला लागतो. मुलीचा युनिफॉर्म घ्यायचा, सासूबाईंच्या चष्म्याची काडी बदलायची, मिक्सरचं भांडं दुरुस्त करायचं, या गोष्टी मी कधी करायच्या? शनिवारी आमचं अर्धं ऑफिस असतं. उरला आयतार. त्यात सकाळी नुस्तं (मासळी) आणायचं, धुणं, आठवड्याचं वाटण. बाजारात जाईस्तोवर साडेअकरा, एकला फळ्या. दुपारी बंद, संध्याकाळी उघडलंच तर उघडलं. गेल्या जूनमध्ये तीन आयतार मी मुलीच्या पावसाळी बुटांसाठी फिरले. चौथ्याला मोबाईलवरून मागवले. एक नंबर लहान आले.

दुकानदारांनी वाईट वाटून घेऊ नका, पण आमच्यासारखीचे पैसे असेच घरबसल्या मागवण्याकडे जातात.

माशेलची लेक

वहिनी, हेच तर. तुमचं वाचून आई आठवली. ती शिक्षिका होती, तिचाही बाजार आयताराचाच.

सत्तरीकर

दुकान उघडं ठेवून उपयोग काय, बस कुठे आहे? आमच्या गावात आयताराला प्रायव्हेट बस येतच नाही. कदंब, म्हणजे सरकारी बस, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. वाळपईला गेलात तर दिवसभर तिथेच. आधी बस सुरू करा.

मेणकुऱ्याची

@सत्तरीकर साखळीहून संध्याकाळची वाळपई गाडी अजून आहे का? आयताराची विचारते.

सत्तरीकर

आहे, पण भरवसा नाही. ड्रायव्हर आला तर आहे.

काणकोणचा हार्डवेअरवाला

चावडीवर छोटं दुकान. पाईप, नळ, एल्बो, रंग, खिळे. आयतार सकाळ हा माझा सगळ्यात मोठा धंदा, सोमवार-मंगळवार मिळून होत नाही एवढा. कारण सोपं आहे. घरातली बारीकसारीक दुरुस्ती लोक आयताराला काढतात. घरधनी घरी असतो आणि मेस्तही मोठ्या साईटवरून मोकळा. टाकी उघडली, जुना नळ काढला आणि नवीन बसत नाही असं दुपारी दीड वाजता कळतं. तोवर मी बंद.

एकदा एक बाई साडीचा पदर पिळत दारात आली. घरात पाणीच पाणी, मेस्त बोटाने पाईप दाबून बसलेला. घर मागेच, जेवत होतो. हात धुऊन उघडलं. पाऊण इंचाचा एंड कॅप, पंधरा रुपये. ती दोनशे देत होती, घेतले नाहीत.

माझ्याकडे मी, बायको आणि भाचा. आम्ही आयताराला दिवसभर बसायचं ठरवलं तर कोणी अडवू नये असं मला वाटतं. माझ्या घामाचं मी बघतो. पण चार भिंती आणि चाळीस कामगारवाल्याचं आणि माझं एकाच मापाने मोजू नका.

रोस्टर

मी तुमच्या त्या बिस्किटवाल्या मुलीसारखीच. पणजीजवळ एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात, सहा वर्षं. नाव नको.

आमची सुट्टी मंगळवार. सोमवार ते गुरुवारमध्येच मिळते, शुक्र-शनि-रवि कोणालाच नाही. नवऱ्याची सुट्टी आयतार. मुलगी तिसरीत, तिची आयतार. म्हणजे मी घरी असते तेव्हा घरात कोणी नसतं. मंगळवारी मी भांडी घासते, पडदे धुते, झोपते, आणि दुपारी मुलगी शाळेतून येते तेव्हा तिची ट्यूशन असते. तिच्या वहीत "माझा रविवार" असा निबंध होता. तिने लिहिलं होतं, रविवारी मी आणि पप्पा आईला दुकानात बघायला जातो. ते खरंच येतात. काचेतून हात करतात. गिऱ्हाईक असेल तर मी हात करत नाही, सुपरवायझर बघतो.

पगार वाईट नाही. दुकान वाईट आहे असंही म्हणत नाही. उभं राहून पाय सुजतात ते सगळ्यांचेच. गिऱ्हाईकांबद्दल राग नाही, वहिनींसारख्या बायका येतात, धावत येतात, मला दिसतं. पण जास्त वेळ उघडा म्हणताना तो जास्तीचा वेळ कोणाच्या घरातून येतो तेही लिहा.

ब्रेक संपला.

डिचोलीची वहिनी

वाचलं. दोनदा वाचलं. काय लिहू कळत नाही गं. मुलीचा पापा घे माझ्याकडून.

फोंडेकर

काचेतून हात करतात. 😔

पावाचा वास

विषय थोडा वेगळा. आमच्याकडे पोदेर (पाववाला) आयताराला सकाळी येतो, संध्याकाळी येत नाही. तुमच्याकडे? पाव संपला की आयताराची रात्र अवघड.

शिवोलीकर

आमच्याकडे दोन्ही वेळ. पण भोंगा बदलला. तो जुना रबराचा पों पों होता तो परवडला, झोपेतही कळायचा. आता मोबाईलच्या रिंगसारखं काहीतरी वाजतं आणि मी बाहेर येईपर्यंत सायकल वळणावर.

पावाचा वास

काकणं (बांगडीसारखे गोल पाव) मिळतात का तुमच्याकडे अजून?

शिवोलीकर

मिळतात, सहाला उठलात तर.

चार नंबरचा औषधवाला

फार्मसीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चार नंबर म्हणजे आमच्या गावच्या बसथांब्याचा नंबर.

गावात एकच औषधाचं दुकान, माझं. आयताराला साडेबाराला बंद. सोळा वर्षं हा नियम मी पाळला आणि सोळा वर्षं मोडला. पाटीवर बंद, पण मागचं दार सगळ्यांना ठाऊक. ताप, दमा, साखर उतरली, गरोदर बाईला उलट्या. पंधरा किलोमीटरवर तालुक्याला जायचं तर आयताराच्या दुपारी गाडी नाही, सत्तरीकरांनी लिहिलंच आहे. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं तर भाड्याची गाडी.

एका पावसाळ्यात मी खरोखर गावाबाहेर होतो, बहिणीकडे बारसं. परत आलो तर पायरीवर एक माणूस बसलेला. पोराला दम्याचा झटका, पंप संपलेला. तीन तास बसला होता, कारण मी येईन याची त्याला खात्री. पोराला तोवर शेजाऱ्याने स्कूटरवरून आरोग्य केंद्रात नेलं होतं, ठीक होतं. पण तो माणूस मला बोलला नाही काही, फक्त म्हणाला, "आयलो मरे तूं." त्या दिवसापासून मी बाहेर जाताना दारावर शेजारच्या गावातल्या औषधवाल्याचा फोन लिहून जातो, तोही माझा लिहितो. दोघांनी आयतार वाटून घेतले. एक आयतार तो, एक आयतार मी. सरकारने सांगितलं नाही, संघटनेने नाही. असं प्रत्येक तालुक्यात वाटून घेता आलं तर सगळ्यांनी सगळा दिवस उघडं राहायची गरज नाही.

माशेलची लेक

आयतार वाटून घेणं. हे मला सुचलंच नव्हतं.

निवृत्त मास्तर

पोरांनो, सुट्टीचा आयतार फुकट मिळालेला नाही हे शाळेत शिकवायचो, इथेही सांगतो. मुंबईच्या गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. गिरणी कामगारांना आयताराची सुट्टी द्या ही मागणी लावून धरली, आयतार हा खंडोबाचा वार हेही कारण पुढे ठेवलं. मालक ऐकेनात. सभा झाल्या, हजारो कामगार आले. शेवटी १० जून १८९० ला सुट्टी मान्य झाली. सहा वर्षं लागली त्या एका दिवसाला.

आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि इथला आयतार चर्चच्या घंटेबरोबर आला. म्हणजे आपल्याकडे हा दिवस दोन वाटांनी चालत आला. माझ्या लहानपणी तिंट्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, आयताराची गर्दी दोन वेळा: पहिल्या मिसेनंतर आणि दुसऱ्या मिसेनंतर. मग सामसूम. कुत्रीसुद्धा झोपलेली. आमचे आजोबा, देवळातले पुजारी, तेही म्हणायचे, "घंटा झाली, आता बाजार न्हिदलो."

काणकोणचा हार्डवेअरवाला

मास्तर, तुम्ही केप्याला शिकवायचात का? आवाज ओळखीचा वाटतोय लिहिण्यातूनसुद्धा.

निवृत्त मास्तर

केप्याला अकरा वर्षं. कोणती बॅच?

काणकोणचा हार्डवेअरवाला

९२. भूगोलात नापास केलं होतं तुम्ही मला. बरं केलंत. वैयक्तिक निरोप टाकतो.

लेस्टरहून

मूळ म्हापशाची, आता चौदा वर्षं इंग्लंडात. इथे याच विषयावर कित्येक वर्षं भांडण चालू आहे म्हणून लिहिते.

इथे १९९४ चा संडे ट्रेडिंग कायदा आहे, इंग्लंड आणि वेल्सपुरता. २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान आयताराला फक्त सहा तास उघडं, तेही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या मधले. बहुतेक सुपरमार्केटं दहा ते चार. लहान दुकानाला बंधन नाही, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडा. स्कॉटलंडमध्ये असा नियम नाही. ईस्टरला मोठी दुकानं बंदच.

पहिल्या वर्षी मला समजेचना. साडेनऊला दुकानात लोक ट्रॉल्या भरून फिरतायत पण काउंटरवर पैसे घेत नाहीत, दहाच्या ठोक्याला मशीन सुरू. अर्धा तास नुसतं बघायला सोडतात. मी दूध हातात धरून उभी, वाटलं मशीन बिघडलंय.

२०१२ च्या ऑलिंपिकला आठ आठवड्यांपुरतं हे बंधन उठवलं होतं. मग २०१६ च्या मार्चमध्ये सरकारने ते सैल करायचा प्रस्ताव आणला, स्थानिक नगरपालिकांनी ठरवावं असा. संसदेत ३१७ विरुद्ध २८६ ने पडला.

माझा अनुभव: चारला मोठी दुकानं बंद होतात आणि आमच्या कोपऱ्यावरच्या गुजराती काकांकडे रांग लागते. ते म्हणतात, माझं घर आयताराच्या चार ते नऊवर चालतं. मी स्वतः एका मोठ्या दुकानात दोन वर्षं होते. आयताराला काम करायचं नाही असं कामगार लेखी देऊ शकतो, तीन महिन्यांची नोटीस असते. मी दिलं नाही, पैसे हवे होते. पण देता येतं हे माहीत असलं की मान ताठ राहते.

माशेलची लेक

मोठ्याला बंधन, लहानाला मोकळीक. समोरचं दुकान मोठं होतं, बाबांचं लहान. तेव्हा असा काही नियम असता तर बाबांनी एकला फळ्या लावल्या असत्या का, की चारनंतरचं गिऱ्हाईक मिळतंय म्हणून रात्रीपर्यंत बसले असते? मला खरंच सांगता येत नाही. बहुधा बसले असते. आम्हा तिघांची फी होती.

म्हापशाची माहेरवाशीण

@लेस्टरहून म्हापशाला कुठे तुमचं? आम्ही खोर्लीत.

लेस्टरहून

अगं जवळच! शुक्रवारच्या बाजाराला आई अजून जाते. मिरची घेऊन ठेवते माझ्यासाठी, हरमलची. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या दिवसांत फोनवर मला बाजार ऐकवते.

म्हापशाची माहेरवाशीण

ऐकवते 😭 किती गोड. यंदा मिरची महाग गेली पण.

तिस्कर

उसगाव तिस्कावर सासऱ्यांचं किराणा. मी लग्न करून आलो... म्हणजे आले 🙏 फोन दुरुस्त करतो शब्द.

जास्त वेळ उघडलं की जास्त विकलं जातं, हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. आमचं ऐका. खाण चालू होती तेव्हा रस्त्यावर ट्रकच ट्रक, लाल धूळ, दुकानातल्या साखरेवरसुद्धा. आयताराला ड्रायव्हर-क्लीनर खातं चुकतं करायला येत. सकाळी तीन तास उघडं ठेवलं तरी गल्ला भरायचा. दुपारी सासरे बंद करून तियात्राला नाहीतर नाटकाला.

ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या. मग फेब्रुवारी २०१८ ला खाणींच्या ८८ लीज रद्द, मार्चपासून पुन्हा बंद. खात्याच्या वहीत नावं तशीच, माणसं गेली. तेव्हा आम्ही आयतार पूर्ण उघडा केला. सकाळी सात ते रात्री नऊ. सासरे, मी, दीर आळीपाळीने. दीड वर्ष केलं. दुपारी दोन ते पाच काय विकलं जायचं सांगू? एक काडेपेटी. दोन दुधाच्या पिशव्या. एकदा एक माणूस फक्त सुट्टे मागायला. पंख्याचं आणि फ्रीजचं बिल त्याहून जास्त. मी वहीत तासवार लिहून ठेवलं होतं, ती वही सासऱ्यांपुढे ठेवली तेव्हा ते मानले. आता पुन्हा एकला बंद.

गिऱ्हाईकाच्या खिशात आहे तेवढंच आहे. सहा दिवसांत खर्च होतं तेच सात दिवसांत पसरतं. पर्यटकांच्या पट्ट्यात वेगळं असेल, कळंगुटला कोणी आयतार-सोमवार बघतच नाही. पण कळंगुट म्हणजे सगळा गोवा नव्हे.

शिवोलीकर

तासवार वही! तुम्हाला सलाम.

डिचोलीची वहिनी

तिस्कर, मग मला सांगा, सकाळी उशिरा उघडून संध्याकाळी चार ते सात ठेवलं तर? तास तेवढेच. आम्हाला ते बरं पडेल. दुपारी कोणालाच नको आहे बाजार.

तिस्कर

हे बोलून बघते घरी. आमच्याकडे संध्याकाळी पाचनंतर थोडे येतात खरे. सकाळी सातला मात्र उघडावंच लागेल, दूध.

बेतीची

आणि नुस्तं? आमच्या शेजारची मावशी पस्तीस वर्षं मासळी विकते. तिला विचारलं आत्ता, अंगणात जाळ्याला गाठी मारत होती. म्हणाली, आयतार बंद केला तर सगळा आठवडा बंद केल्यासारखा. खरंच आहे. आमच्याकडे सोमवारी शिवराक (शाकाहारी), कितीतरी घरांत गुरुवारीही. श्रावणात विचारूच नका. जून-जुलैचे ६१ दिवस ट्रॉलर बंद. उरलेल्या दिवसांत आयतार म्हणजे इसवण, चणाक, सुंगटं, सगळं दहापर्यंत साफ.

तिची सुट्टी सोमवार. पण तिच्या मार्केटातल्या साऱ्या बायकांची सोमवारच. त्या मिळून देवळात जातात, मिळून कोणाच्या तरी घरी जेवतात. सुट्टी कधी यापेक्षा कोणाबरोबर, हे तिच्याकडे बघून वाटतं. रोस्टरताई, तुमचा मंगळवार एकटीचा आहे, तिचा सोमवार तीस जणींचा.

रोस्टर

हो. अगदी हेच.

पणजीतली हिशेबनीस

मी दहा-बारा दुकानांचे हिशेब आणि कामगारांची रजिस्टरं बघते. कायद्याचं थोडं.

आपल्याकडे १९७३ चा गोवा, दमण आणि दीव दुकाने व आस्थापना कायदा. कामगाराला आठवड्याला एक दिवस सुट्टी त्यात आहेच. २०१६ ला केंद्राने एक नमुना कायदा काढला: दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवा, पण माणसाला सुट्टी द्या. महाराष्ट्राने त्याच वळणाचा २०१७ चा कायदा केला, तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्यांना. तिथे दुकान सातही दिवस उघडं चालतं, कामगाराला मात्र आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती. म्हणजे दुकानाची सुट्टी आणि माणसाची सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

कागदावर हे छान आहे. पण मी रजिस्टरं भरलेली आहेत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मालकाने सांगितलं, सुट्टीच्या रकान्यात सगळ्यांची नावं टाक आणि सह्या घे. त्या आठवड्यात सुट्टी कोणालाच नव्हती. मी टाकली. सह्या घेतल्या. एक म्हातारा हमाल होता, अंगठा लावायचा. त्याने विचारलं, "बाय, हें कितें?" मी म्हटलं, सुट्टीचं. तो खूश झाला, त्याला वाटलं सुट्टी मिळणार. बावीस वर्षं झाली. आता असं करायला सांगितलं तर मी ते काम सोडते, दोनदा सोडलंय. पण त्याचा अंगठा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

दुकान सगळं मिळून बंद असलं की कोणाला खोटी सही लागत नाही. सगळ्या गल्लीला दिसतं, कुलूप आहे. आयतार बंदचा हा एक फायदा कोणी मोजत नाही. ज्यांना जास्त वेळ उघडायचं त्यांनी उघडावं, पण मग तपासायला येणारा माणूस आयताराला यायला हवा. सोमवारी सकाळी फोन करून येणारा नको.

फोंडेकर

ताई, लिहिलंत हे फार झालं.

मेणकुऱ्याची

चवथीच्या आधीचे दोन आयतार मात्र उघडे हवेतच हां. गणपतीवर टांगायच्या माटोळीचा बाजार! आंबाडे, कांगलां, कवंडळ, सुपारीचे कातरे. गेल्या वर्षी डोंगरावरून सामान घेऊन आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला रात्री दहापर्यंत बसलेल्या, पाऊस, डोक्यावर प्लास्टिक. त्यांना कोणी वेळ विचारत नाही. वर्षातून तेवढीच कमाई.

सत्तरीकर

आमच्याच गावच्या असतील. आई जाते दरवर्षी. आयतार-बियतार काही नाही, चवथ आहे एवढंच. परत यायला टेंपो करतात सात-आठ जणी मिळून.

मेणकुऱ्याची

यंदा कुठे बसतात सांगा, त्यांच्याकडूनच घेईन. घासाघीस करणार नाही, देवाशपथ.

सत्तरीकर

साखळीला. निरोप टाकतो.

बेतीची

लॉकडाउनचं कोणाला आठवतं? २२ मार्च २०२०, आयतारच होता, जनता कर्फ्यू. आम्हाला वाटलं एका दिवसाचं. आईने शनिवारी फक्त आयतारापुरतं आणलं, नेहमीसारखं. मग दुकान उघडेचना. डाळ संपली, कांदे संपले. आमच्या वाड्यावरचा पसरकार रात्री मागच्या दाराने प्रत्येक घराला मोजून एकेक किलो तांदूळ देत होता. जास्त पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. मॉलला मागचं दार नसतं.

चार नंबरचा औषधवाला

ते दिवस नको आठवायला. पण मागच्या दाराचं खरं.

माशेलची लेक

दिवसभर वाचतेय. जेवण उशिरा झालं आज सगळ्यांचं.

आईला फोन केला होता. तिला विचारलं, बाबांनी आयतार उघडायला सुरुवात केली तेव्हा तुला काय वाटलं. म्हणाली, पहिल्या आयताराला ते एक वाजता फळ्या लावायला उठले, सवयीने. पहिली फळी हातात घेतली. समोरच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. फळी परत ठेवली आणि आत येऊन पाणी प्याले. हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा आत झोपले होते.

चुलतभावाला अजून उत्तर दिलेलं नाही. रोस्टरताई, एक विचारू? तुम्हाला निवडता आलं तर काय मागाल? दुकान आयताराला बंद?

रोस्टर

रात्रीचे सव्वादहा, आत्ता बसमध्ये.

बंद नको. आयताराच्या विक्रीवरच आमचा इन्सेंटिव्ह आहे, घराचा हप्ता त्यातून जातो. महिन्यात दोन आयतार द्या. आळीपाळीने, आधी सांगून, म्हणजे मुलीला सांगता येईल. आणि आयताराला रात्री नऊऐवजी सातला बंद. साडेसातची बस मिळाली तर मी तिला जागी भेटते.

काणकोणचा हार्डवेअरवाला

भाच्याचं लिहिताना मी वर "आम्ही" म्हटलं. त्याला कधी विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं. तो शनिवार-आयतार फुटबॉल खेळायचा, दुकानात आल्यापासून सुटलं. या आयतारपासून एक आड एक तो मोकळा. मी आणि बायको बघू.

डिचोलीची वहिनी

रोस्टरताई, सातच्या आत येऊन जाईन मी. मैत्रिणींनाही सांगते.

पावाचा वास

पोदेर आज संध्याकाळी आला!! सोमवार आहे म्हणा. पण काकणं होती.